गणवेश आहे, अधिकार नाहीत

मुंबई, प्रतिनिधी

आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर लागणारी रांग ही यंत्रणेची दरवर्षीची कसोटी. अशा गर्दीत राष्ट्रीय छात्रसेनेचा खाकी गणवेश दिसला, की भाविक त्या मुलाला पोलीसच समजतात. कोणी रस्ता विचारतो, कोणी चुकलेल्या नातवाची तक्रार सांगतो, तर कोणी घुसखोराला बाहेर काढण्याचा हट्ट धरतो. वस्तुतः १९४८च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या संघटनेतील छात्रावर लष्करी सेवेचे बंधन नाही आणि पोलिसी अधिकारही त्याला नाहीत.

एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीच्या काळात, 'योगदान' मोहीम आखताना ही सीमारेषा स्पष्ट करण्यात आली होती. अठरा वर्षांवरील स्वयंसेवी ज्येष्ठ छात्रांनाच परवानगी मिळाली. मदतवाहिन्या, धान्यवाटप, रांगांचे नियोजन ही कामे त्यांच्याकडे आली. कायदा-सुव्यवस्था मात्र कटाक्षाने वगळली गेली. हाच दंडक उत्सवांनाही लागू व्हायला हवा. आठवी-नववीतल्या मुलाला दोरखंड धरून गर्दीसमोर उभे करणे ही शिस्त नव्हे, आयोजकांची सोय आहे. संतापलेल्या भाविकाला उत्तर देण्यासाठी शेजारी पोलीस किंवा छात्रसेनेचा अधिकारी हवा. नातू चुकलेल्या आजीला चौकीपर्यंत सोबत करणे मात्र छात्राला सहज जमते.