स्वागत कोणाचे, कर्ज कोणाचे?

चैत्र-वैशाखात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला जाणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हटकून दिसतात. एक, पाण्यासाठी हंडे आणि घागरी घेऊन निघालेल्या बायका. आणि दुसरी, रस्त्याच्या कडेला कमानी उभारून सजलेली मंगल कार्यालये. नांदेडकडे त्यांना फंक्शन हॉल म्हणतात. कमानीवर वधूवरांची नावे, दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुली, फेटे बांधणाऱ्या माणसांसमोर लागलेली रांग, आणि ध्वनिक्षेपकावरून अखंड चाललेले स्वागत. ही दोन दृश्ये शेजारी शेजारी उभी आहेत. पण त्यांचा परस्परसंबंध शोधण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

पाहुण्याचे स्वागत ही वाईट गोष्ट नव्हे, हे प्रथमच सांगितले पाहिजे. सुधारकांच्या लिखाणात कधी कधी लग्नाविषयी एक कोरडेपणा येतो आणि सामान्य माणूस त्यामुळे दुरावतो. मराठवाड्याच्या खेड्यात वर्षभर राबणाऱ्या माणसाला चार लोकांत उजळ माथ्याने मिरवण्याचा प्रसंग लग्नाखेरीज मिळतो तरी कोठे? अतिथीला देव मानावे ही शिकवण तैत्तिरीय उपनिषदाइतकी जुनी आहे. मात्र त्या शब्दाची परंपरेने दिलेली फोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्याच्या येण्याला तिथी नाही, तो अतिथी. अवेळी, न बोलावता, थकूनभागून दारी आलेल्या माणसाला आसन, पाणी आणि घास द्यावा, असा त्या शिकवणुकीचा रोख आहे. छापील पत्रिका हाती असलेला, मोटारीतून उतरणारा निमंत्रित हा त्या अर्थाने अतिथी नव्हेच. खरा अतिथी कार्यालयाच्या फाटकाबाहेर उष्ट्या पत्रावळींची वाट पाहत बसलेला असतो, आणि त्याला हाकलण्यासाठी रखवालदार नेमलेला असतो.

एके काळी या भागात वऱ्हाडाचे स्वागत सारे गाव करीत असे. वधूपिता वेशीवर सामोरा जाई. सीमांतपूजन या विधीच्या नावातच गावाची सीमा आहे. वऱ्हाड जानवशाला उतरे. बाजा, सतरंज्या आणि घागरी घरोघरून गोळा होत. ज्याच्या घरी दुभते असे तो दूध पाठवी. शेजारणी रात्रभर पोळ्या लाटीत. पोरे पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावीत. या व्यवस्थेचा गौरव करताना तिचे वैगुण्यही सांगितलेच पाहिजे. पंगती जातवार बसत. हलगी वाजवणारा मांडवाबाहेर बसे आणि सर्वांत शेवटी जेवे. बायकांचे श्रम कोणी मोजीत नसे. तरीही एक गोष्ट खरी की त्या स्वागतात पैशाचा वाटा थोडा आणि श्रमाचा मोठा होता. आणि आज ज्याने श्रम दिले त्याला उद्या त्याच्या घरच्या कार्यात ते परत मिळत. ते एक प्रकारचे सहकारी भांडवल होते, आणि त्याला व्याज नव्हते.

आज ते स्वागत विकत घ्यावे लागते. लग्न गावातून उठून हमरस्त्यावरच्या कार्यालयात गेले. तेथे वधूपक्षही परका आणि वरपक्षही परका. दोन दिवसांच्या भाड्याने आणलेली भांडी, भाड्याने आणलेले वाढपी आणि भाड्यानेच आणलेले अगत्य. ज्या ठिकाणी खराखुरा यजमान कोणीच नाही, तेथे यजमानपणाचा देखावा फार मोठा करावा लागतो. धनिकांनी याच्याही पुढे मजल मारली आहे. मार्च २०२४ मध्ये देशातील सर्वांत धनाढ्य उद्योगपतीच्या मुलाच्या विवाहपूर्व समारंभासाठी जगभरचे पाहुणे जामनगरला विमानांनी उतरले. जुलैमध्ये मुंबईत विवाह झाला. त्यापूर्वी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, पंतप्रधानांनी श्रीमंत कुटुंबांना परदेशाऐवजी देशातच लग्ने करण्याचे आवाहन केले होते. लग्न कोठे करावे याची चर्चा झाली. किती खर्चाचे करावे याची झाली नाही. थॉर्स्टिन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दाखवून दिले होते की दिखाऊ उपभोग वरच्या वर्गात जन्मतो आणि प्रतिष्ठेच्या शिडीने खाली उतरतो. जामनगरची छायाचित्रे ज्या दूरध्वनीसंचावर पाहिली जातात, तोच संच उदगीर आणि कंधारच्या खेड्यातील तरुणाच्या हातीही आहे.

या स्वागताचे दुसरे अंग अधिक गंभीर आहे. ते एकतर्फी आहे. वरपक्ष पाहुणा आणि वधूपक्ष यजमान, ही वाटणी जन्माने ठरलेली. पाहुण्याला रुसण्याचा हक्क आहे, यजमानाला नाही. टॉवेल-टोपी कोणाला दिली आणि कोणाला राहून गेली, विहिणीचा मान झाला की नाही, यांवर मुलीचे पुढील आयुष्य तोलले जाते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि ऐंशीच्या दशकात त्यात दुरुस्त्याही झाल्या. परंतु ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगले लावून द्या’ हे वाक्य कोणत्याही कायद्याच्या चिमटीत सापडत नाही. मागणीचे रूप बदलते आणि तिला आदरातिथ्याचे नाव मिळते.

थोडा हिशेब मांडून पाहावा. तीन एकर कोरडवाहू जमिनीचा एक शेतकरी धरू. पाऊसपाणी बरे झाले आणि एकरी आठ क्विंटल सोयाबीन आले, तर चोवीस क्विंटल माल होतो. २०२४-२५ च्या हंगामासाठी सरकारने जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. तो पुरा पदरात पडला असे मानले, तरी हाती येतात १,१७,४०८ रुपये. आणि त्या हंगामात बाजारातील भाव हमीभावाच्या खालीच रेंगाळला, हे लातूरच्या आडतीवर माल घालणाऱ्यांना सांगावयास नको. यातून बियाणे, खत, फवारणी, काढणी आणि मळणी अजून वजा व्हावयाची आहे. आता आठशे माणसांचे जेवण आणि ताटामागे दीडशे रुपये धरले, तर आकडा होतो १,२०,००० रुपये. म्हणजे खरिपाचे सारे ढोबळ उत्पन्न एका दुपारच्या पंगतीला पुरत नाही. कार्यालय, मंडप, कपडे, सोने आणि वाजंत्री ही निराळीच. पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्याला चार टक्क्यांनी मिळते. पण ते पिकासाठी असते, लग्नासाठी नव्हे. लग्नासाठी उरतो तो खाजगी सावकार. शेकडा दरमहा तीन रुपये हा दर म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. सावकारी नियंत्रणाचा कायदा राज्याने २०१४ मध्ये केला. परंतु मुलीचे लग्न तोंडावर आलेला बाप कायद्याचे पुस्तक घेऊन सावकाराच्या ओसरीवर बसत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘शेतकरी उधळ्या आहे, म्हणून कर्जबाजारी आहे’ हा सिद्धान्त राज्यकर्त्यांना नेहमीच प्रिय राहिला आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले, तेव्हाही अनेक इंग्रज अधिकाऱ्यांनी लग्नातील खर्चाकडे बोट दाखविले होते. परंतु त्या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेच असा निर्वाळा दिला की कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व देण्यात आले आहे. परक्या सरकारच्या आयोगाला जे दिसले, ते स्वकीयांना दिसू नये हे नवल आहे. कर्जाचे मूळ पावसाच्या लहरीत, पडत्या भावात, अपुऱ्या सिंचनात आणि तुटपुंज्या पतपुरवठ्यात आहे. लग्न हा त्या आधीच वाकलेल्या पाठीवर पडणारा अखेरचा भार असतो. म्हणून साध्या लग्नाचा प्रचार हा रास्त भावाच्या लढ्याला पर्याय होऊ शकत नाही. आणि भावाचा लढा चालू आहे म्हणून लग्नाविषयी मौन पाळणेही परवडणार नाही.

ते का परवडणार नाही, याचे उत्तर लातूर तालुक्याने दिले आहे. २०१६ आणि २०१७ या लागोपाठच्या वर्षांत तेथील एकाच गावातील दोन तरुण मुलींनी आपले जीवन संपविले. वडिलांची नापिकी आणि लग्नाच्या खर्चाची चिंता यांचा उल्लेख त्यांच्या चिठ्ठ्यांत होता, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. पहिली घटना घडली त्याच वर्षी मांजरा धरण कोरडे पडले, पाणवठ्यांवर जमावबंदी जारी झाली आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातुरात पोचली. पाहुण्याच्या हातावर घालावयाचे पाणीसुद्धा जेथे परजिल्ह्यातून आणावे लागले, तेथे स्वागताचा बोजा मात्र मुलीच्या बापाच्याच शिरावर होता. त्या मुलींनी बापाला ओझ्यातून सोडविण्यासाठी स्वतःलाच वजा केले. एखाद्या समाजाच्या आदरातिथ्याविषयी याहून कठोर निकाल कोणता असू शकेल?

या समारंभांमुळे अनेकांना रोजगार मिळतो, असे समर्थन केले जाते. मिळतो हे खरे. परंतु कर्जाच्या पैशातून मिळालेला तो दोन दिवसांचा रोजगार आहे. तेवढाच पैसा विहिरीत, बांधबंदिस्तीत किंवा मुलीच्या शिक्षणात घातला, तर त्यातूनही मजुरी मिळते आणि मागे काही उरते.

मग एकेकट्या माणसाने साधे लग्न का करू नये? कारण ही स्पर्धा आहे, आणि स्पर्धेतून एकटा माघार घेणारा हास्यास्पद ठरतो. याचा पडताळा २०२१ मध्ये आला. साथीच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल महिन्यात, राज्य सरकारने लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा घातली. मोडणाऱ्याला पन्नास हजारांचा दंड होता. लग्ने झाली, संसार थाटले गेले आणि कोणाची अब्रू गेली नाही. कारण नियम सर्वांनाच सारखा होता. साथीची सक्ती आज कोणी मागणार नाही. पण तिच्यातील धडा टाकून देऊ नये. जे एकट्याला जमत नाही ते गावाला जमते. ग्रामसभेने सर्वसंमतीने संकेत ठरवावेत. खर्च दोन्ही पक्षांनी निम्मा निम्मा करावा, आहेर-मानपान बंद असावे, आणि कार्य गावातच, शाळेच्या पटांगणात व्हावे. मात्र हे काम जातपंचायतीच्या हाती जाता कामा नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा महाराष्ट्राने उगीच केलेला नाही. संकेत असावा, शिक्षा नसावी.

यासाठी नवे आदर्श शोधत दूर जाण्याचे कारण नाही. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगर चालतो. तेथे येणाऱ्याला जात विचारीत नाहीत, पत्रिका विचारीत नाहीत. जमिनीवर एका ओळीत बसवून जेवू घालतात, आणि वाढणारेही भक्तच असतात. त्या ओळीला तेही पंगतच म्हणतात. शब्द एकच, पण एका पंगतीने माणसे वेगळी केली, दुसरीने एकत्र बसविली. मराठी मुलखातील नामदेवांची पदे ज्या ग्रंथसाहिबात आहेत, त्या परंपरेकडून मराठवाड्याने निदान एवढे घ्यावयास हरकत नाही.

शेवटी प्रश्न येतो तो कार्यकर्त्यांचा. आज या भागातील कोणत्याही लग्नात मुहूर्त टळून जातो, कारण पुढारी यावयाचे असतात. ते आले की अक्षता हाती धरून ताटकळलेल्या माणसांसमोर त्यांना फेटा आणि शाल दिली जाते, आणि त्यांची नावे पदांसह उच्चारली जातात. वधूवर बाजूला राहतात. तो फेटा कोणाच्या कर्जातून आला, याचा विचार सत्कार घेणारा करीत नाही. समतेचे नाव घेणाऱ्या पक्षाच्या कार्यकर्त्याने या बाबतीत तरी निराळे दिसले पाहिजे. त्याने लग्नाला वेळेवर जावे, व्यासपीठावर चढू नये, फेटा नम्रपणे नाकारावा, आणि जमल्यास पंगतीत वाढावयास उभे राहावे. नोंदणी विवाह करणाऱ्या जोडप्याच्या लग्नाला मात्र आग्रहाने, सहकुटुंब जावे. कारण साध्या लग्नाला प्रतिष्ठा हवी असेल, तर तेथे माणसे दिसली पाहिजेत.

पाहुणा दारी आला असता त्याला पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा देणारी ही भूमी आहे. तेवढ्याने पाहुण्याचे समाधान होत असे, आणि यजमानाला रात्री झोपही लागत असे.