घसारा

निफाड तालुक्यातून लासलगावच्या बाजार समितीकडे कांद्याचे ट्रॅक्टर निघतात, तेव्हा त्याच रस्त्यावरील मोटारसायकलस्वाराचा सारा भरवसा पुढच्या चाकातील दोन लहानशा ब्रेक पॅडवर असतो. प्रत्येक थांबण्यागणिक त्यांचा घसारा होतो. मात्र त्याची नोंद कोणत्याही वहीत पडत नाही. पॅडचे अस्तर दोन मिलिमीटरपर्यंत उतरले, की ते बदलावेत. धातूवर धातू घासल्याचा आवाज येऊ लागला, तर डिस्कचेही नुकसान सुरू झाले असे समजावे.

हे काम घरी करता येते. कॅलिपर सोडवून जुने पॅड काढावेत आणि पिस्टन सावकाश आत दाबावा. त्या वेळी वरच्या टाकीतील ब्रेक ऑइलची पातळी चढते. ते सांडल्यास गाडीचा रंग जातो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. नव्या पॅडला अथवा डिस्कला तेलकट हात लागू देऊ नये. बोल्ट गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आवळावेत.

खरा धोका काम संपल्यावर असतो. पिस्टन मागे सरकलेला असल्याने पहिल्यांदा दाबलेला ब्रेक पोकळ जातो. अंगणातच तो टणक लागेपर्यंत वारंवार दाबला, तर प्रश्न तेथेच मिटतो. विसरल्यास तो पहिल्या चौकात कळतो, आणि तोवर मागे घरचे कुणी बसलेले असते. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत वेग आवरावा. मनात शंका राहिली, तर गाडी मेकॅनिककडे न्यावी आणि त्याची मजुरी घरखर्चात ‘तरतूद’ म्हणून लिहावी.