विद्येची वाट : पटावरची संख्या काय सांगते ?

बारावीचे निकाल लागले, कीं सुशिक्षित कुटुंबांतून कांहीं दिवस दुसरा विषय सुचत नाहीं. मुलगा अभियांत्रिकीस किंवा वैद्यकीस जावयाचा म्हटला, तर घरांत फारसा खल होत नाहीं. खर्च किती येईल आणि राहावयाचें कोठें, एवढेंच ठरवावयाचें उरतें. परंतु एखाद्या मुलीनें 'मला इतिहास शिकावयाचा आहे' किंवा 'मी समाजशास्त्र घेणार' असें म्हटलें, कीं आजोबांपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वांच्या मुखीं एकच प्रश्न येतो : "अग, पण तिकडे हल्लीं जातें तरी कोण ?" प्रश्न सहज विचारलेला असतो; तथापि त्याच्या उत्तरावर एका मुलीच्या आयुष्याची दिशा ठरून जाते. म्हणून त्याचें उत्तर अंदाजानें न देतां आंकड्यांनीं देऊन पाहावें, आणि ते आंकडे तरी कितपत खरें सांगतात हेंही तपासून घ्यावें, असें या महिन्यांत योजिलें आहे.

'तिकडे कोणी जात नाहीं' ही समजूत तर पहिल्याच पावलास खोटी ठरते. भारत सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणें २०२१-२२ सालीं देशांत उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी सुमारें ४ कोटी ३३ लक्ष होते. पदवीच्या वर्गांतील दर शंभरांपैकीं ३४ हून कांहीं अधिक कलाशाखेचे होते; विज्ञानाचे सुमारें १५, वाणिज्याचे १३ आणि अभियांत्रिकीचे १२ च्या आंत. पदव्युत्तर वर्गांतही सर्वांत मोठा वाटा सामाजिक शास्त्रांचाच होता. तेव्हां 'तिकडे जातें कोण' याचें खरें उत्तर 'सर्वांत अधिक विद्यार्थी तिकडेच जातात' असें आहे. आपल्या आळींतले जात नाहींत, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. साक्री, शिरपूर, नवापूर या बाजूंस कलाशाखेच्या बाकांवर बसणाऱ्या कित्येक मुलामुलींच्या घरांतून त्यांच्यापूर्वीं कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेलें नसतें. ज्या शाखेकडे आपण पाठ फिरविली, तिच्याच दारानें तीं मुलें उच्च शिक्षणांत शिरलीं. ही गोष्ट हिणविण्याची नव्हे, अभिनंदनाची आहे.

परंतु संख्येनें एक शंका फिटली म्हणून संख्येसच गुणांचें माप मानूं लागलों, तर दुसऱ्या बाजूनें फसगत होते. जगांतील दोन नामांकित विद्यास्थानें पाहूं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ही संस्था १८९५ सालीं निघाली, डॉ. आंबेडकरांनीं १९२३ सालीं डी. एस्सी. ही पदवी तेथेंच अभ्यास करून मिळविली. तिचा पट आज सुमारें १२ हजारांच्या घरांत आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक विद्यार्थी परदेशचे आहेत. दुसरें पॅरिसचें. १९६८ च्या विद्यार्थ्यांच्या उठावानंतर तेथील जुन्या विद्यापीठाची वांटणी झाली, आणि तींतून निघालेलें पाँतेऑं-सॉर्बोन विद्यापीठ कायदा, अर्थशास्त्र, इतिहास व तत्त्वज्ञान यांसाठीं प्रसिद्धीस आलें. त्याचा पट ४० हजारांच्या वर आहे. म्हणून पॅरिस लंडनच्या तिप्पट थोर काय ? मुळींच नव्हे. फ्रान्सांतील सरकारी विद्यापीठांचा रिवाज असा, कीं शाळान्त परीक्षा उतरलेल्या आपल्या देशांतील मुलांस शक्य तों अल्प शुल्कांत घ्यावयाचें. लंडनची संस्था अर्जांच्या ढिगांतून मोजके निवडते आणि शुल्कही जबर घेते. पटांतील अंतर हें दाराच्या रुंदींतील अंतर आहे, विद्येंतील नव्हे.

आपल्याकडे तर मोजण्याची रीतच निराळी. लंडनची संस्था आपल्या आवारांतील विद्यार्थी मोजते. १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांवीं स्थापन झालेलें आपलें उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगांव, धुळें व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील संलग्न महाविद्यालयांचे विद्यार्थी आपले म्हणतें. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी लक्षांनीं मोजावे लागतात, आणि त्यांतील पुष्कळसे नोकरी-संसार सांभाळून घरीं शिकतात. या तीन संख्या एका ओळींत मांडणें म्हणजे वाड्यांतील माणसें, गांवांतील माणसें आणि यात्रेंतील माणसें एकाच रकान्यांत लिहिणें होय. आपल्या विद्यापीठास २०१८ सालीं ज्या कवयित्री बहिणाबाई चौधरींचें नांव देण्यांत आलें, त्या स्वतः निरक्षर होत्या, हेंही येथें स्मरणांत असावें.

उलट, ज्या संस्थांनीं समाजाचा विचार बदलला, त्यांतील कित्येकांचे पट लहानच राहिले. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० सालीं निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनीं पुणें शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी करविली, आणि पुढें प्रवरेच्या कांठीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. मुंबईस १९३६ सालीं सर दोराबजी टाटांच्या नांवानें समाजकार्याचें शिक्षण देणारी शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. एका अर्थशास्त्रज्ञाच्या अभ्यासाचा लाभ किती शेतकऱ्यांच्या घरीं पोहोंचला, हें त्याच्या संस्थेच्या हजेरीपत्रकावरून कळावयाचें नाहीं.

इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं; आपल्या खानदेशांतच याचे दाखले आहेत. १९४५ सालीं अमळनेरास प्रताप महाविद्यालय व जळगांवास मूळजी जेठा महाविद्यालय निघेपर्यंत येथील मुलांस पदवीसाठीं नाशिक, पुणें किंवा मुंबई गांठावी लागे. तरीही त्यापूर्वीं कितीतरी वर्षें, १९१६ सालीं, प्रतापशेठांच्या औदार्यानें अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें होतें. तेथें मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ति यांसारख्यांनीं वेदान्ताचें चिंतन केलें, आणि सानेगुरुजींना प्रथम अमळनेरास ओढून आणलें तेंही याच मंदिरानें. अभ्यासक मोजके, कीर्ति मात्र देशभर.

आणि धुळ्याचें काय ? ज्यांनीं १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यांत पुढाकार घेतला, ते इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यासच निवर्तले, आणि त्यांच्यामागें त्यांच्या संग्रहाचें जतन व्हावें म्हणून येथील मंडळींनीं राजवाडे संशोधन मंडळ उभारलें. त्या मंडळास ना पट, ना हजेरी, ना परीक्षा. पण मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यासक आजही धुळ्यास येतो, तो तेथील दप्तरांसाठीं. मात्र दप्तरें स्वतः बोलत नाहींत. मोडी वाचणारा, फारसी जाणणारा, जमाखर्चाच्या कागदांतून दुष्काळ आणि सुकाळ ओळखणारा माणूस तेथें बसावा लागतो. खानदेशांत कलाशाखेचे विद्यार्थी हजारों असून त्या कपाटांपाशीं बसणारे विरळा, हीच खरी चिंतेची संख्या आहे.

याचा अर्थ लहान पट तोच चांगला, असा कोणी करूं नये. लहान पट म्हणजे अरुंद दारही असतें, आणि त्या दाराबाहेर राहणारीं बहुधा दूरच्या जिल्ह्यांचीं, मराठींतून शिकलेलीं मुलें असतात. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा मराठींतूनही देतां येऊं लागली, ही समाधानाची गोष्ट होय. पण आंत गेल्यावर ग्रंथ बहुतेक इंग्रजींतच वाचावे लागतात, ही तयारी आधींपासून करून घ्यावी.

तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं 'तिकडे जातें कोण' हा प्रश्न बाजूस ठेवून चार दुसरे प्रश्न विचारावे. त्या विषयास तेथें कायमचे अध्यापक किती आहेत, कीं तासागणिक नेमलेल्यांवर सारा भार आहे ? ग्रंथालयांत मुलांस कपाटापर्यंत जाऊं देतात काय ? पहिल्या वर्षास बसलेल्यांपैकीं शेवटच्या वर्षास किती उरतात ? आणि विद्यार्थ्याकडून वर्षाकाठीं एखादा निबंध, एखादी पाहणी स्वतःच्या हातानें होते, कीं सारें काम मार्गदर्शकपुस्तिकेवर भागतें ? हीं उत्तरें माहितीपत्रकांत सहसा नसतात. तीं मिळविण्यासाठीं प्रत्यक्ष जाऊन दोन विद्यार्थ्यांशीं बोलावें लागतें. मुलाच्या अभियांत्रिकीसाठीं आपण जशी चौकशी करतों, तेवढीच मुलीच्या इतिहासासाठीं करावी, इतकेंच मागणें आहे.

ती चौकशी करून घरच्यांस मन मोकळें करतां आलें, तर मग मुलगी धुळ्यांत शिको, जळगांवीं शिको कीं दिल्लीस जावो. मात्र सुटींत ती घरीं आली, कीं एक दिवस राजवाडे मंडळांत तिच्याबरोबर घरांतील कोणी तरी जावें.