शटरपाशी उभी गाडी

भिवंडीच्या गोदामातून किराणा भरून निघालेली आयशर ठाण्या-मुंबईतल्या एखाद्या सुपरमार्केटच्या मागच्या शटरपाशी लागली, की ड्रायव्हरची फेरी झाली असं धरलं जातं. बऱ्याचदा हिशेबही ट्रिपवरच असतो. पुढचे दोन-तीन तास कुणाचे, हा प्रश्न कोणी काढत नाही.

नोकरी म्हणून ही फेरी वाईट नाही. गुवाहाटीची खेप घेतली की पंधरा-पंधरा दिवस घर दिसत नाही. दुकानांच्या फेरीवरचा माणूस रात्री घरी जेवतो, पोरं कितवीत आहेत हे त्याला ठाऊक असतं. त्यापुढे थोडा कमी पगार चालतो. शिवाय साडेसात टनांपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केल्यावर नवख्यांची वाटही मोकळी झाली.

पण थांबणं सुटलेलं नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुलुंड-दहिसरच्या जकात नाक्यांवरच्या रांगा गेल्या. दुकानाच्या मागची रांग आहे तिथेच आहे. तिथे क्रेट उतरवणाऱ्या हमालासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच माथाडी कायदा केला. (माथाडी मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत, पण मंडळं आहेत.) ड्रायव्हरसाठी १९६१ चा कायदा होता. त्यात दिवसाचे आठ तास लिहिले होते खरे, पण टर्मिनसवर नुसतं हजर राहणं पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच ते कामात मोजायचं, अशी व्याख्या होती. म्हणजे जास्त थांबलात, तर ती विश्रांती! उन्हात, नजर गाडीतल्या मालावर ठेवून.

दुकानाचीही अडचण खोटी नाही. शटर एकच, आणि सकाळी दूध, भाजी, बेकरी सगळ्यांना तेच हवं. माल मोजल्याशिवाय पोच देऊ नये हेही रास्तच. मागाहून शॉर्टेज निघालं तर पहिला हात ड्रायव्हरच्याच पगाराला लागतो. रात्री माल घ्यावा, तर नो-एंट्री चुकते, पण सोसायटीवाले भांडायला येतात आणि ज्या झोपेसाठी ड्रायव्हरने ही नोकरी धरली तीच जाते. वाहतूकदाराने एकट्याने जादा पैसे मागितले, तर कंत्राट शेजारच्याला जाईल.

आमच्या मते भार दुकानाच्या साखळीने उचलावा, कारण शटर कधी उघडायचं ते तिच्या हातात आहे. किराण्यातला नफा बारीक असतो, त्यामुळे थोडा बोजा गिऱ्हाइकावर येईल, तो सोसावा. गेटवर वेळ लिहिली जाते, गाडीत जीपीएस असतो, तेव्हा मोजणं अवघड नाही. पहिला तास माल उतरवण्या-मोजण्याचा धरावा, पुढचा हॉल्टिंगचा, म्हणजे थांबण्याच्या पैशांचा. मात्र हॉल्टिंग मिळालं तरी ते मालकाच्या खात्यात अडकू शकतं, केबिनपर्यंत पोचेलच असं नाही. म्हणून पोचपावतीवर गाडीच्या नंबराखाली ड्रायव्हरचं नाव आणि थांबलेले तास लिहायची सोय आधी हवी.