डिस्क वाढली, बांध सरकला का?

पनवेलला २०२० साली योट्टा कंपनीचे प्रचंड डेटा सेंटर सुरू झाले. अशा केंद्रांत एकाच यंत्रावर अनेक ‘आभासी संगणक’ नांदतात. त्यांतल्या एखाद्याची २० जीबीची डिस्क ४० जीबीची करणे म्हणजे जवळजवळ एक आकडा बदलणे. तरीही आतली ऑपरेटिंग सिस्टिम वापरायला २० जीबीच देते! असे का?

शेजारचा तुकडा विकत घेतला, तरी सातबाऱ्यावर नोंद होऊन बांध सरकेपर्यंत शेत जुनेच राहते. डिस्कवरही आधी विभागाची हद्द पुढे न्यावी लागते, मग फाइल-व्यवस्था वाढवावी लागते. मध्ये दुसऱ्याची पट्टी असली की काम अडते. विंडोजमध्ये ‘सी’ला लागून असलेला रिकव्हरी विभाग पुष्कळदा असाच आडवा येतो. आणि हद्द चुकली, तर सारी माहिती गमावण्याची भीती.

म्हणूनच आमचे मत असे, की हे शाळेत कृतीने शिकवावे. व्हर्च्युअलबॉक्स मोफत मिळते. त्यातला आभासी संगणक मुलांनी खुशाल बिघडवावा; शाळेच्या खऱ्या संगणकाला धक्का लागत नाही. मात्र शिक्षकांनी आधी डिस्कची प्रत काढायला लावावी, आणि मोडलेला संगणक त्या प्रतीवरून मुलांकडूनच पुन्हा उभा करून घ्यावा.