सोन्याच्या पाळण्याला पाण्याची दोरी

मॉरिशस हा अख्खा देश जालना जिल्ह्यात तीनदा मावेल. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,७१८ चौरस किलोमीटर, त्या बेटाचं दोन हजारांच्या आसपास. तरी भांडवलदाराला मॉरिशस तोंडपाठ असतो. १९७० साली त्या देशाने निर्यात उद्योगांसाठी खास कायदा केला आणि उसाच्या जोडीला कपडे शिवायला घेतले. पुढे करसवलतीमुळे भारतात येणारं परकीय भांडवलही कैक वर्षं त्याच्याच पत्त्यावरून येत राहिलं. पैसेवाल्याने जालन्यात का यावं, असं विचारलं की मात्र ठरलेली तीन उत्तरं मिळतात : समृद्धी महामार्ग, वंदे भारत, स्वस्त वीज.

तिन्ही खरी आहेत. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. पण या सोयी वाटेवरच्या सगळ्यांनाच मिळतात, आणि सोयींच्या घोषणांचा जालन्याचा अनुभव तसा संमिश्रच. ड्रायपोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली; त्यानंतर कंटेनरपेक्षा तारखाच जास्त धावल्या.

जालन्याची खरी पत वेगळीच आहे. इथे लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, बंदर चारशे किलोमीटर लांब. तरीही राज्यातल्या कितीतरी इमारतींच्या स्लॅबमध्ये जालन्याची सळई आहे. बंदरावरून भंगार आणायचं, भट्टीत वितळवायचं, बिलेट ओतायचं आणि लालबुंद असतानाच रोलिंग मिलमधून ओढत बारीक करायचं, हा धंदा इथल्या लोकांनी हिमतीवर उभा केला. गावात पैसा आहे की नाही, अशी कुणाला शंका असेल तर ऑगस्ट २०२२ आठवावा. प्राप्तिकर खात्याचे अधिकारी गाड्यांवर ‘राहुल वेड्स अंजली’ची स्टिकर लावून वऱ्हाडी बनून आले आणि जाताना ३९० कोटींची मालमत्ता जप्त करून गेले. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण आठवडाभर देशाच्या वाहिन्यांवर गाजली, जालनेकरांना नको त्या कारणाने.

सळईपेक्षाही मोठी गोष्ट बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ मध्ये ‘महिको’ काढली आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या एका कंपनीभोवती बियाण्यांचा सगळा परिसर उभा राहिला. जालन्यापासून पलीकडच्या देऊळगाव राजापर्यंत शेडनेट दिसतात. आत बाया क्रॉसिंगला बसलेल्या असतात. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, चिमट्याने तिचे पुंकेसर काढायचे, स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या झाडाचे परागकण त्याच्या टोकावर टेकवायचे. एक कळी चुकली तर भेसळ. हे कसब कुठल्याही सवलतीच्या पॅकेजमध्ये मिळत नाही. गुंतवणूकदारासाठी जालन्याची खरी जाहिरात हीच, आणि ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते.

एक बाजारपेठ काय करू शकते, तेही इथे दिसलं. पूर्वी तुती लावणारे शेतकरी रेशीमकोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकातल्या रामनगरला जायचे. भाडं, मुक्काम आणि भाव पडला तर रिकाम्या हाताने परत. २०१८ मध्ये जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली आणि ती फरफट थांबली.

मोसंबीच्या नशिबी मात्र असं काही आलं नाही. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, पण व्यापारी बाग उक्ती घेतो, ट्रक भरतो आणि उत्तरेची वाट धरतो. लहान फळ, डागी फळ, गळालेलं फळ यांना भाव नसतो. रसाच्या कारखान्याला नेमकं तेच चालतं. पुढचा पैसा आणखी एका भट्टीपेक्षा अशा कारखान्यात लागला, तर तो जिल्ह्यात जास्त हातांतून फिरेल.

अडचण एकच आहे, पाण्याची, आणि ती सगळ्यांना माहीत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात पोसलेल्या मोसंबीच्या बागा शेतकऱ्यांनी आपल्या हाताने तोडल्या. शहराची तहान निजामकालीन घाणेवाडी तलाव आणि जायकवाडीची जलवाहिनी भागवतात, तरी नळाला रोज पाणी ही चैनच. उलट जालना तालुक्यातल्या कडवंचीने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने पाणलोटाचं काम केलं, शेततळी खोदली आणि त्याच माळावर द्राक्षं पिकवली. पाऊस तोच होता. गावाने तो अडवला.

म्हणून सवलतीच्या विजेचा अर्ज मंजूर करताना सरकारने अर्जदाराला पाण्याचाही हिशेब मागावा. कुंडलिका आणि सीना या दोन नद्या शहराच्या पोटातून सांडपाणी वाहून नेतात. ते शुद्ध करून एमआयडीसीतल्या भट्ट्या थंड करायला वापरलं, तर तेवढं जायकवाडीचं पाणी घरांसाठी मोकळं होईल. भंगारातून सळई काढणाऱ्या शहराला सांडपाण्यातून पाणी काढणं अवघड जाऊ नये.