क्रेडिटशेजारचा ठिपका

आपल्यापैकी बऱ्याच जणांची पिनबॉलशी ओळख विंडोज एक्सपीमधल्या 'स्पेस कॅडेट'मुळे झाली. खरं मशीन मात्र शंभर किलोंच्या पुढचं धूड असतं. काचेखाली उतरता लाकडी फळा, त्यावर धावणारा 80 ग्रॅमचा पोलादी बॉल आणि फळ्याच्या पोटात वायरींचं जंगल. विल्यम्स कंपनीने पिनबॉलचा धंदा 1999 साली बंद केला, पण 1990 च्या दशकात शिकागोत बनलेली तिची मशीनं अमेरिकेत लोक अजून हौसेने सेकंडहँड घेतात आणि बेसमेंटमध्ये मांडतात. अशाच एका मशीनपायी माझे गेले दोन वीकेंड खर्ची पडलेत. त्यातून एक ठाम मत झालंय: जुनं मशीन घरी आलं की लगेच खेळायला उभं राहायचं नाही. आधी तपासायचं.

यावर मित्रमंडळींचं उत्तर ठरलेलं. "अरे, घेताना खेळून बघितलंस ना? चाललं ना? मग झालं तर!"

मंडळी, गोची इथेच आहे. ही मशीनं चालून दाखवण्यात पटाईत असतात. समजा एखाद्या टार्गेटचा स्विच मेलाय. बॉल त्यावर कितीही आपटला तरी सॉफ्टवेअरला पत्ता नाही. मग बरेच बॉल खेळून होऊनही तो स्विच एकदासुद्धा लागला नाही, की प्रोग्रॅम त्याला 'बिघडलेला' ठरवतो आणि शक्य असेल तिथे नियम थोडे वळवून खेळ पुढे चालू ठेवतो. खेळणाऱ्याला काही कळत नाही. बोंबाबोंबही नाही. फक्त डिस्प्लेवर क्रेडिटच्या आकड्याशेजारी एक बारीकसा ठिपका उमटतो. तो ठिपका मालकासाठी. नाणी टाकायचं दार उघडून आतल्या बटणांनी मेनूत गेलं की कुठला स्विच संशयित आहे त्याची यादी मिळते.

बरं, ठिपका नाही म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. मशीनची मेमरी पुसली गेली असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून स्वतःच्या हाताने बघायचं.

आणि सुरुवात प्लग काढलेला असताना करायची. अर्थिंगची पिन शाबूत आहे का? दोन भोकांच्या जुन्या सॉकेटात बसावा म्हणून ती कापून टाकलेले महाभाग भरपूर. मग फ्यूज. प्रत्येक फ्यूज बाहेर काढून त्यावरचा आकडा मॅन्युअलशी ताडून बघायचा. वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा बसवला, की मशीन 'दुरुस्त' होतं. पुढे जळते ती वायर किंवा कॉइल. लाकडी खोक्याच्या आत, आपल्या घरात! त्यानंतर सीपीयू बोर्डावरचे तीन पेन्सिल सेल. ते गळले की रसायन बोर्डाचे ट्रॅक खातं, आणि वरून खेळताना कित्येक महिने सुगावा लागत नाही. शेवटी मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजायचा. फ्लिपरच्या जोरकस गुंडाळीचा रोध मुळातच 4 ओहमच्या आसपास असतो. तो अगदीच शून्याकडे झुकला असेल तर कॉइल जळालेली आहे.

मग काच काढून, मशीन चालू करून, स्विच टेस्ट लावायची. प्रत्येक स्विच बोटाने दाबायचा आणि डिस्प्लेवर त्याचंच नाव येतंय का ते बघायचं. इथे खरी गंमत आहे. 8 उभ्या आणि 8 आडव्या ओळी मिळून 64 स्विच फक्त 16 वायरींवर वाचले जातात. प्रत्येक स्विचपाशी एक डायोड. डायोड शॉर्ट झाला तर काही स्विच एकदम दाबले गेल्यावर चौथाच, न दाबलेला स्विच लागल्यासारखा दिसतो. नुसतं खेळून हे पकडायला नशीबच लागेल. त्यानंतर एकेक कॉइल टेस्टमधून उडवून बघायची, पण हात लांब ठेवून. तिथे 50 व्होल्टच्या वर डीसी असतो. सगळं झालं की मशीन सुमारे साडेसहा अंशांच्या उतारावर आणायचं, नवा बॉल टाकायचा (जुना खरबरीत बॉल फळ्यावर पॉलिशपेपरसारखा घासतो) आणि मग खेळायचं. खुश्शाल, रात्रभर!

"एवढा संशय? विकणारा भला माणूस होता ना?" असेल की. पण त्यानेही इतकी वर्षं ते फक्त खेळलंय. जे त्यालाच माहीत नाही ते तो कुठून सांगणार? तपासणी म्हणजे विकणाऱ्यावर अविश्वास नव्हे. आपण काय घरात आणलंय ते समजून घेणं आहे.

आणि हे लिहायला घेतलं त्याचं खरं कारण वेगळंच. आपणही रोज असलंच सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हिस पडली तर रिट्राय, नाही जमलं तर कॅशमधला जुना डेटा, तोही नसेल तर डीफॉल्ट. युजरचा खेळ थांबता कामा नये. उत्तम! शिकागोच्या त्या इंजिनिअरांनी हेच केलं, पण सोबत मालकासाठी ठिपकाही ठेवला, आणि दाराच्या आत प्रत्येक सुटा भाग तपासायची सोय. आपण पहिलं काम अगदी मन लावून करतो आणि दुसरं 'पुढच्या स्प्रिंटमध्ये' ढकलतो. मग एके दिवशी पहाटे तीनला सगळं एकदम कोसळतं आणि लॉग चाळल्यावर कळतं की फॉलबॅक गेले चार महिने चालू होता.

सोमवारी ऑफिसात गेलात की एवढंच करा. आपल्या सिस्टीममध्ये कुठे कुठे बिघाड गिळला जातो त्याची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, तो दिसतो कुणाला. जिथे 'कुणालाच नाही' असं लिहावं लागेल, तिथे आधी ठिपका लावा. नवीन फीचर नंतर बघू.